दगडाखालच्या दोन रेघा

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांची मुलं नोकऱ्यांत आहेत, नातवंडं शाळेत आहेत, उगाच कुणाला काही वाटायला नको, असं कारण मी स्वतःला दिलंय. कारणं मला पटकन सापडतात, हा माझा जुना गुण. कचेरीत आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, आणि पाठ वळली की दगडभाऊ. त्यांना दोन्ही माहीत होतं.

रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले ती अठ्ठ्याण्णव साली. रोज पालीहून एस.टी.ने यायचं आणि संध्याकाळी एस.टी.नेच परत जायचं. घरी नवरा, तीन वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि सासऱ्यांनी मागे ठेवलेली कलमांची बाग. कचेरीत माझं टेबल खिडकीशी होतं आणि शेजारचं भाऊंचं. ते आरेखक, म्हणजे नकाशे काढणारे. वय तेव्हा पन्नास. किडकिडीत अंग, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि नखं मात्र कायम पांढरट, चुन्यात बुडवल्यासारखी. त्यांच्या टेबलाखाली एक निळा प्लॅस्टिकचा टप असायचा. टपात पाणी, पाण्यात दगड. साहेब म्हणायचे, याची रेघ अख्ख्या जिल्ह्यात कुणाला येत नाही, म्हणून टप मला दिसत नाही.

रुजू झाले त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. टपातून एक ओला दगड काढून माझ्या रजिस्टरावर ठेवला आणि म्हणाले, नखाने ओरखडा काढा. मी बावचळले. काढला. दगडावर पांढरी रेघ उठली. ते खूश झाले. म्हणाले, हा संगजिऱ्याचा दगड, तुमच्या तोंडाला लावायच्या पावडरीत हाच असतो, नखाला दाद देतो म्हणून आपला. एवढं बोलून त्यांनी तो दगड उचलला आणि सरळ जिभेने चाटला. मी मनात म्हटलं, झालं, नोकरी लागली ती वेड्यांच्या शेजारी.

चाटण्यामागे शास्त्र होतं, ते मला पुढे कळलं. कोरडा दगड राखेच्या रंगाचा, काही सांगत नाही. ओला केला की पॉलिश झाल्यावर कसा दिसेल ते दाखवतो. मग दर वेळी पाणी कुठे शोधत बसायचं? कचेरीत कुणी नवा साहेब आला, की भाऊंनी त्याच्यासमोर दगड चाटायचा आणि त्याने दचकायचं, हा ठरलेला कार्यक्रम होता. आम्ही आधीच फायली तोंडासमोर धरून बसायचो. भाऊंना आमचं हसू ऐकू यायचं, पण त्यांनी चाटणं काही थांबवलं नाही.

त्यांचे दगड यायचे खालून, सिंधुदुर्गातल्या एका खाणीच्या कडेला टाकून दिलेले तुकडे. एक ट्रकवाला ओळखीचा होता, तो पोत्यात घालून आणून द्यायचा. त्याआधी अकरा वर्षं भाऊ पोफळीला, कोयनेच्या वीजघराच्या कामावर होते. तिथे बोगद्यांतून काढलेल्या दगडांच्या ढिगात पांढरे चकचकीत स्फटिक सापडायचे, तिथूनच हा नाद लागला. पण ते स्फटिक कानशीखाली फुटायचे. सांगायचे, त्यांच्याशी माझं जमलं नाही, ते फार मानी. संगजिरं बरं, समजून घेतं.

हॅक्सॉच्या पात्याने कापायचं, कानशीने आकार आणायचा आणि मग पॉलिश पेपर. शंभर नंबरचा, मग दोनशेवीस, चारशे, सहाशे, हजार. सगळं पाण्यात. कोरडा दगड घासताना कुणी दिसला तर भाऊ अक्षरशः हात धरायचे, ती पूड छातीत बसते म्हणून. आणि दुसरा नियम, नंबर गाळायचा नाही. दोनशेवीसवरून सहाशेवर उडी मारली तर जुने चरे आतच राहतात, वरून चकाकी येते, पण उजेडात तिरका धरला की दगड चुगली करतो. हा नियम ते जगाला लावायचे. एखादी फाईल मधल्या टेबलाला वळसा घालून थेट साहेबांकडे गेली, की भाऊ मान न उचलता म्हणायचे, नंबर गाळलात. शिपायाची सून सहा महिन्यांत माहेरी निघून गेली, तेव्हाही सगळे हळहळत असताना हे म्हणाले, नंबर गाळला असणार. शिपाई दोन दिवस बोलला नाही त्यांच्याशी. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, खरं आहे भाऊ, आम्ही बघण्याच्या कार्यक्रमातच सुपारी फोडली.

एकदा कामानिमित्त आमची माणसं जीपने दापोलीला गेली होती, भाऊ त्यांच्यात. संध्याकाळी सगळे हर्णैला मासळीच्या लिलावावर. इतरांनी पापलेट घेतलं, सुरमई घेतली. भाऊंनी किनाऱ्यावर फिरून माकुलांची हाडं गोळा केली, ती पांढरी, होडीच्या आकाराची, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात टांगतात ती. पिशवीभर. ती त्यांनी जीपमध्ये मांडीवर घेतली, आणि रत्नागिरीपर्यंत नाकाला रुमाल लावून बसलेल्या आमच्या लोकांनी त्यांना जे काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. त्या हाडांची वस्त्रगाळ पूड करून हजार नंबरनंतर ओल्या फडक्याने दगडावर चोळली की जी मऊ झाक यायची, ती दुसऱ्या कशानेच येत नसे. मग दगड उन्हात पत्र्यावर तापवायचा आणि त्यावर मेण फिरवायचं. राखेच्या रंगाचा दगड बघता बघता काळा व्हायचा, आत किंचित हिरवा.

मी दुपारच्या सुट्टीत त्यांच्याकडे शिकायला लागले. डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि उरलेला वेळ टपात हात. मला काही कला अंगात होती असं नाही. एस.टी., घर, सासूबाई, मुलाचं दुखणंखुपणं, यांत ती अर्ध्या तासाची पाण्यातली घासाघाशी मला बरी वाटायची. माझ्या हातून आकार कधी धड आला नाही. पण एक गोष्ट मला यायची, ती भाऊंनीच शोधून काढली. डोळ्यांना न दिसणारा चरा माझ्या अंगठ्याला कळायचा. मग प्रत्येक दगड मेणावर जाण्यापूर्वी ते माझ्यासमोर धरायचे. मी डोळे मिटून अंगठा फिरवायचा, आणि सांगायचं, इथे आहे. ते तिथेच पुन्हा घासायचे. कचेरीत ते कुणाचंच ऐकत नसत, साहेबांचंही नाही. माझ्या अंगठ्याचं ऐकायचे. मला त्याचा फार अभिमान होता, तो मी दाखवत नसे.

आकार मात्र एकच. हाताच्या मुठीत बसेल असा लांबट गोल. कासव नाही, मासा नाही, कुयरी नाही. शिपायाने गणपती मागितला, साहेबांनी मुलीच्या लग्नात व्याह्यांना द्यायला गणपती मागितला, तेव्हाही भाऊ म्हणाले, देव करायचं काम आपल्याकडे नाही. साहेब चिडले. मी दुपारी भाऊंना म्हटलं, करून टाकायचा होता एक, सोंड काढायला कितीसा वेळ लागतो. तेव्हा त्यांनी घासता घासता सांगितलं, माझ्याकडे न बघता.

त्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर लगेच धर्म बदलला. भाऊ तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. वडिलांनी घरातले सगळे देव टोपलीत घातले आणि खाडीवर निघाले, हे मागोमाग. देवांत एक काळा गुळगुळीत गोटा होता. ह्यांना तो रोज हातात घ्यावासा वाटायचा, पण देव म्हणून कुणी हात लावू द्यायचं नाही. आता देव नाही म्हटल्यावर हे वडिलांना म्हणाले, मग तो मला द्या, मी खेळेन. वडील म्हणाले, ज्याने आपल्याला देवळाच्या पायरीवर येऊ दिलं नाही, त्याच्याशी खेळायचंसुद्धा नाही. आणि टोपली पाण्यात उलटी केली.

मी म्हटलं, तुमचे वडील कडक होते. भाऊ म्हणाले, बरोबर होते. आणि दगड माझ्यासमोर धरला अंगठ्यासाठी. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे जे झालं ते मला ठाऊक नसताना झालं, असं कुणी समजू नये.

प्रत्येक दगडाच्या बुडाला ते दाभणाच्या टोकाने दोन आडव्या रेघा काढायचे, एकीखाली एक, तांदळाएवढ्या. मी विचारलं, सही का नाही करत? तर म्हणाले, नाव वाचून माणसं दगड खाली ठेवतात. रेघा बऱ्या. पण कुणी केला एवढं दगडावर असायला हवं, दगड काय आपोआप गुळगुळीत होतो?

नव्व्याण्णवच्या दिवाळीआधी त्यांनी मला एक दगड दिला. त्याच्या एका अंगाला उथळ खळगा होता, माझा अंगठा बरोबर बसेल असा. म्हणाले, ताई, हा तुमच्या अंगठ्याचा, पगाराविना कामाला लावलं त्याबद्दल. मी तो पर्समध्ये टाकला, घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर दगड देव्हाऱ्यात. गंध लावलेला, वर तुळशीचं पान. सासूबाई निरांजन लावत होत्या. चेहरा असा फुललेला, की सासरे गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. म्हणाल्या, काय गो, घरात शाळिग्राम आणलास नि खिडकीत कांद्यांजवळ ठेवलास? चक्र नाही दिसत, पण बिनचक्राचेही असतात म्हणतात. बायकांनी हात लावू नये, पण या घरात दुसरं पूजा करणार कोण? कुठून आणलास?

माझे मामा त्याच वर्षी नेपाळची यात्रा करून आले होते. माझ्या तोंडून शब्द निघाले, मामांनी दिला, गंडकीवरून आणला. एका दमात. विचारसुद्धा करावा लागला नाही.

नंतर मी स्वतःला समजावलं, की कचेरीतल्या परपुरुषाने दिलेली वस्तू, सासूबाईंना काय वाटलं असतं, म्हणून बोलले. पुष्कळ वर्षं मी हेच धरून बसले. पण ते खरं नाही. कचेरीतल्या दुसऱ्या एका गृहस्थाने मला हळदीकुंकवाचा करंडा दिला होता, तो मी घरी येताच सासूबाईंना दाखवला होता, नावगावासकट. भाऊंचं आडनाव सांगितलं असतं तर सासूबाईंना पुढचं विचारावं लागलं नसतं, आणि दगड देव्हाऱ्यातून उठला असता. हे मला त्या एका क्षणात कळलं होतं. त्या वेळी मला भाऊंची लाज वाटली. लिहायला बरं वाटत नाही, पण तेच झालं.

आता राहिल्या बुडाच्या दोन रेघा. सासूबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून त्या दिसल्या नव्हत्या. पण पुढच्याच आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन होतं. रविवारी दुपारी त्या झोपल्या, तेव्हा मी दगड देव्हाऱ्यातून उचलला आणि मागल्या पडवीत पाटावर बसले. बादलीत पाणी घेतलं. कचेरीतून पॉलिश पेपरचे तुकडे आणले होते, भाऊंच्याच खणातले. रेघा खोल होत्या, तेव्हा दोनशेवीसने सुरुवात केली. मग चारशे, सहाशे, हजार. एकही नंबर गाळला नाही. माकुलाच्या हाडाची पूडही पुडीत होती, तीही चोळली. उन्हात पायरीवर तापवला, मेण लावलं. मग डोळे मिटून अंगठा फिरवला. कुठे काही नव्हतं. जन्मात माझ्या हातून झालेलं तेवढं एकच पॉलिश उत्तम म्हणण्यासारखं आहे.

भाऊंनी दिवाळीनंतर विचारलं, दगड हातात घेता का रोज? मी म्हटलं, रोज घेतला जातो. ते म्हणाले, छान, शेवटचा नंबर माणसाच्या हाताचा. तो वर्षानुवर्षं चालतो.

दोन हजार एक साली मला टायफॉईड झाला. महिनाभर अंथरुणाला खिळले होते. कचेरीतून साहेब, शिपाई आणि भाऊ असे तिघे मला भेटायला पालीला आले. गाडीचा आवाज आला आणि पडवीतून भाऊंचा खोकला ऐकू आला, तेव्हा मी आधी देव्हाऱ्याकडे पाहिलं. सासूबाई अगत्याच्या बाई. तिघांना माजघरात माझ्या कॉटपाशी बसवलं, कोकम सरबत दिलं, आंबापोळीचे तुकडे दिले. आणि मग व्हायचं तेच झालं. माजघरातून देव्हारा दिसायचा. सासूबाई सांगू लागल्या, सून वाचली ती या शाळिग्रामामुळे. ताप चढला की मी याच्यावरचं पाणी तिच्या कपाळाला लावायची. असा शाळिग्राम या पंचक्रोशीत नाही, तेज बघा.

त्यांनी दगड ताम्हनात घेऊन तिघांसमोर आणला. साहेबांनी हात जोडले. शिपायाने हात जोडले आणि एकदा दगडाकडे आणि एकदा भाऊंकडे पाहिलं. भाऊ नुसते बघत होते. सासूबाईंना वाटलं, त्यांना लांबून दिसत नसेल. म्हणाल्या, घ्या की हातात.

त्यांनी घेतला. अंगठा आपोआप खळग्यात गेला. मग त्यांनी दगड उलटा केला आणि बुडावर अंगठा फिरवला, सावकाश, मी फिरवायची तसा. मी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, डाग नाही कुठे. हिच्या मामांनी थेट गंडकीवरून आणलाय.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी रेघ नकाशात चुकली आहे की आपल्यालाच तशी दिसतेय, हे बघताना ते जसे बघायचे तसे बघत होते.

"असं का, ताई?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. दुखण्याचं निमित्त होतं, नुसते डोळे मिटले असते तरी चाललं असतं. पण मी स्पष्ट हो म्हटलं.

ते म्हणाले, पॉलिश उत्तम आहे. साहेबांनी खाकरून हवापाण्याचं काहीतरी काढलं. सासूबाईंनी पळीत तीर्थ घेतलं. साहेबांनी घेतलं, शिपायाने घेतलं. भाऊंसमोर पळी आली तेव्हा त्यांचा उजवा हात दगडाने भरलेला होता. ते शांतपणे म्हणाले, "मला नको, आई. आम्ही बौद्ध आहोत, तीर्थ घेत नाही."

सासूबाईंचा हात जागीच थांबला. बाई वाईट नव्हत्या. त्या हो का, बरं बरं, असं म्हणाल्या, आणि त्यांनी ताम्हन पुढे केलं. भाऊंनी दगड त्यात ठेवला, बूड खाली करून, आवाज न करता. नंतर त्यांनी माझ्या तापाची चौकशी केली, मोसंबीचा रस घ्या म्हणाले, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिघेही गेले.

गाडी वळणाआड गेली तशी सासूबाई उठल्या. गोठ्यातून गोमूत्र आणलं, दूध आणलं. मला म्हणाल्या, माणूस फार सभ्य हो, त्याचं काही नाही, पण देवाचं देवाला करायला हवं. त्यांचा एक डोळा अजून अधू, दोन भांडी सांभाळता येईनात. म्हणाल्या, जरा उठवतंय का तुला? मी भिंतीला धरून उठले. दुधाचं भांडं मी धरलं. ज्या हातांनी तो दगड केला, त्या हातांचा विटाळ आम्ही दोघींनी मिळून त्या दगडावरून धुऊन काढला. मी दूध ओतत होते आणि सासूबाई म्हणत होत्या, बारीक धार धर, बारीक.

मी कचेरीत परत गेले तेव्हा काय बोलायचं ते एस.टी.त बसून दहा वेळा घोकलं होतं. भाऊंनी मला संधीच दिली नाही. मी खुर्चीत बसायच्या आत म्हणाले, सासूबाईंचा हात चांगला आहे, रोज पुसतात ना? खळगा मी दिला होता त्याहून मऊ झालाय. मी म्हटलं, भाऊ, त्या दिवशीचं... ते म्हणाले, टपातलं पाणी बदलायला हवं, आणि टप उचलून बाहेर गेले.

त्यानंतरही सगळं तसंच चाललं. सकाळी त्यांच्या कपातला अर्धा चहा मला बशीत, नंबर गाळलात, नव्या साहेबांसमोर दगड चाटणं. माझ्याशी बोलणं तुटलं नाही, उलट मुलाच्या शाळेची चौकशी व्हायची. फक्त एक गोष्ट थांबली. मेणावर जाण्यापूर्वी दगड माझ्यासमोर येईना. ते तो स्वतःच्या गालावर फिरवून बघायचे. गालाला तेवढं कळत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. त्यांच्या त्या वर्षांतल्या दगडांवर बारीक चरे राहून गेले आहेत. मी माझ्या टेबलाशी बसून फायली लावत असायची आणि माझा अंगठा नुसता दुसऱ्या बोटांवर घासत राहायचा. मी कधी म्हटलं नाही, इकडे द्या. पाच वर्षांत एकदाही नाही.

दोन हजार सहामध्ये ते निवृत्त झाले. शाल, नारळ, साहेबांचं भाषण. लोकांनी त्यांच्या चाटण्यावर विनोद केले, तेही हसले. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, भाऊंकडून पुष्कळ शिकायला मिळालं. आणि बसले. मग त्यांनी पिशवी उघडली. प्रत्येकासाठी एकेक दगड, नकाशाच्या ट्रेसिंग पेपरात गुंडाळलेला. शिपायाने तिथल्या तिथे उघडून बूड बघितलं, दोन रेघा सगळ्यांना दाखवल्या आणि म्हणाला, हा शिक्का.

माझा त्यांनी सगळ्यांत शेवटी दिला, माणसं चिवड्याकडे वळल्यावर. मी तो उलटा करून बघायच्या आत म्हणाले, हळू आवाजात, अगदी काळजीने म्हणाले, "याच्या खाली काही काढलेलं नाही, ताई. तुम्हाला घासायला नको."

टोमणा असता तर मला सोसला असता. टोमण्याला उत्तर तरी देता येतं. त्यांनी ते खरोखर माझी अडचण ओळखून केलं होतं, पुन्हा रविवारी दुपारी पडवीत चोरून बसायला लागू नये म्हणून. मी तो दगड पर्समध्ये ठेवला आणि चिवड्याच्या बश्या गोळा करायला गेले. तिथे रडायचीही मला लाज वाटली. नंतर ते चिपळूणकडे मुलाजवळ राहायला गेले. काही वर्षांनी वारल्याचं कळलं, तेही बारा-पंधरा दिवस उलटल्यावर, शिपायाकडून. मला वाटलं बिनरेघांचा दगड घेऊन त्यांच्या घरी जावं. गेले नाही. जाऊन कुणाला काय सांगणार होते?

सासूबाईही आता नाहीत. जाताना त्यांच्या तोंडात त्याच दगडावरचं पाणी घातलं, मीच. पूजा माझ्याकडे आली. रोज सकाळी मी तो दगड ताम्हनात घेते, धुते, पुसते, गंध लावते, आणि अंगठा खळग्यात जातो. चरा शोधते, सापडत नाही. नवऱ्याला देवाधर्मात रस नाही, मुलगा पुण्याला. मला अडवणारं, मी ज्यांना भ्यायचे असं, या घरात कुणी उरलेलं नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढची गोष्ट गेल्या गणपतीतली आहे.

मुलाचं लग्न झालं, सून पहिल्यांदा गणपतीला घरी आली. शिकलेली, मोकळी मुलगी. तिच्या मैत्रिणी सगळ्या जातीधर्मांच्या, त्या लग्नात आमच्याकडे येऊन जेवून गेलेल्या. तिला खरं सांगितलं असतं तर तिने भाऊंबद्दल आणखी चार प्रश्न विचारले असते, कदाचित त्या दगडाचा फोटो काढून सगळ्यांना दाखवला असता. सकाळी मी पूजा करत होते, ती शेजारी पाटावर बसली. दगड हातात घेऊन म्हणाली, आई, हा शाळिग्राम कुठला हो?

मी हातातलं फूल ठेवलं. तोंड उघडलं. आणि माझ्या कानांनी मी ऐकलं, "माझ्या मामांनी आणलेला. गंडकीवरून."

तिने दगड उलटा केला. म्हणाली, किती गुळगुळीत आहे, अगदी खालूनसुद्धा.

मी म्हटलं, हो, खालूनसुद्धा.